दोष लिहिले तर मार्क कापू नका!

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघं रामदासपेठेत एकाच्या रूमवर बसायचो. कोड गिटमध्ये. एकाने लिनक्सवर एकाच नावाच्या दोन फायली केल्या. एकीचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसरीचं स्मॉल. विंडोजवर घेतल्या तर एकच दिसे! रात्रभर एकमेकांवर खापर फोडलं. सकाळी कळलं, ही भानगड जगजाहीर आहे. २०१८ च्या २.२० आवृत्तीपासून गिट क्लोन करताना तशी सूचनाही देतं. आम्ही ती वाचलीच नव्हती.

सबव्हर्जनचा किस्सा याहून भारी. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने दोन वेगळ्या पीडीएफ फायली दाखवल्या, पण दोन्हींचा शा-१ हॅश एकच! वेबकिटवाल्यांनी त्या चाचणीसाठी आपल्या रिपॉझिटरीत टाकल्या आणि रिपॉझिटरीच अडकली, कारण जागा वाचवायला सबव्हर्जन हॅश सारखा दिसला की मजकूरही तोच धरून चालायचं. पण सबव्हर्जनवाल्यांनी लपवलं नाही. अशा फायली दारातच अडवणारी स्क्रिप्ट सगळ्यांना दिली.

आणि आपण? रिपोर्टमध्ये ‘फ्युचर स्कोप’ दोन पानं, माहीत असलेले दोष शून्य. विचारलं तर, “काहून बे, मार्क कापून घेऊ का?” रामदासपेठेत पावलोपावली दवाखाने. औषधाच्या खोक्यातल्या कागदावरसुद्धा दुष्परिणाम छापलेले असतात (वाचतो कोण, ते सोडा).

सर, मॅडम, व्हायवात जो स्वतःहून दोष सांगेल त्याचे मार्क कापू नका. पुढच्या बॅचला तोच कोड पुढे न्यायचा असतो.