गुंतवळीपेक्षा भांगाकडे पाहा

पावसाळा लागला की फणीतली गुंतवळ वाढते आणि खापर फुटते पाण्यावर. ‘या दिवसांत गळतातच’ असे म्हणत अनेक बायका सहा-सहा महिने काढतात.

म्हणण्यात तथ्य आहे. इंग्लंडमधील शेफिल्डमध्ये १४ पुरुषांच्या केसांचा दीड वर्ष अभ्यास झाला, तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. गळती ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वाधिक, रोज साधारण ६० केस. डोक्यावर लाखभर केस असतात, त्यातले रोज ५० ते १०० जाणे स्वाभाविकच. आठवड्यातून एकदा न्हाणाऱ्या बाईच्या हाती आठवडाभराचे केस एकदम येतात, म्हणून ती धास्तावते.

वाढ थांबलेला केस गळायला दोन-तीन महिने घेतो. म्हणून आज पुंजके हातात येत असतील, तर तीन महिन्यांमागे काय घडले ते आठवावे: डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, शस्त्रक्रिया, की उपाशी राहून उतरवलेले वजन? ही गळती घाबरवते खरी, पण कारण दूर झाले की केस बहुधा परत येतात.

खरी काळजी निराळ्या खुणांची. भांग रुंदावत जातो, शेपटा वर्षागणिक बारीक होतो, पुरुषांच्या कपाळाचे कोपरे मागे सरकतात. इथे हातात फारसे केस येतीलच असे नाही. नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली, तर तो आजार वेगळाच. यातले काहीही ऋतूमुळे होत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात काही गावांतल्या लोकांना अवघ्या काही दिवसांत टक्कल पडले. तिथेही पहिला संशय पाण्यावरच गेला. पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम जास्त आढळले, आणि डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. तपासले म्हणून हे कळले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाची कमतरता हे केस गळण्याचे एक कारण. अशा घरात महागड्या तेलाची बाटली येते आणि रक्ताची तपासणी राहून जाते, हे फार वाईट आहे.

महिन्यातून एकदा, त्याच उजेडात, भांगाचा फोटो काढून ठेवा. तो रुंदावत असेल, चाई दिसली किंवा गळती तीन महिन्यांत थांबली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना भेटा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड तपासायचे का, ते विचारा.