स्वस्त स्टिअरिंग आणि वेल्डरची चौकट

संग्रामपूरसारख्या तालुक्याच्या गावी कन्सोलवर शर्यती खेळवायच्या तर स्टिअरिंग मागवायचे ऑनलाइन, आणि बिघडले की निस्तरायचे आपणच. म्हणूनच पार्लरचालकांना आमचे सांगणे आहे: फोर्स फीडबॅक नसलेले स्टिअरिंग कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. त्यात नुसती स्प्रिंग किंवा रबर असते. हात सोडला की चाक मध्यावर येते, पण पुढच्या टायरांची पकड सुटल्याचे हाताला कळत नाही. फोर्स फीडबॅकची मोटर असलेले चाक त्या क्षणी एकदम हलके पडते आणि खेळणारा सावरतो. कन्सोलवर शर्यती खेळणारा जॅन मार्डनबरो २०११ मध्ये निसानच्या जीटी अकॅडमीतून निवडला गेला आणि २०१३ मध्ये ल मान्सच्या खऱ्या शर्यतीत उतरला. ही अकॅडमी पुढे भारतातही आली होती. तेव्हा ही निव्वळ करमणूक आहे असे आम्ही मानत नाही.

लॉजिटेकचे जी-२९ हे २०१५ चे मॉडेल. गिअरवर चालते, खडखडते. पण ९०० अंश, म्हणजे पुरे अडीच फेरे फिरते आणि पीएस-५ वरही चालते. नव्या बिनमोटरच्या चाकापेक्षा हे सेकंडहँड केव्हाही बरे. मात्र जी-२९ प्लेस्टेशनचे, जी-९२० एक्सबॉक्सचे. दिसायला सारखीच, तरी एकाचे दुसऱ्यावर चालत नाही. घेताना ब्रेक हळूहळू दाबून पाहा. पडद्यावरची पट्टी उड्या मारत असेल तर पेडलमधल्या पोटेन्शिओमीटरमध्ये बहुधा धूळ बसलेली असते. खोलून साफ करता येते, आणि भाव पाडायलाही तेवढे कारण पुरते.

वाचलेला पैसा चौकटीत घाला. जी-२९ च्या ब्रेकमध्ये कडक रबर असते, तो पायाचा जोर लावूनच दाबावा लागतो. फरशीवर पेडल मागे सरकले, प्लास्टिकची खुर्ची हलली, की दर फेरीला ब्रेकची जागा चुकते. ट्रॉल्या आणि शेड जोडणाऱ्या वेल्डरकडून चौकोनी पाइपची चौकट करून घ्या. खुर्ची, पेडल, स्टिअरिंग, तिन्ही तिलाच बोल्टने आवळा.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात मोटर तापून जोर कमी पडतो, तेव्हा दोन गिऱ्हाइकांमध्ये तिला उसंत द्या. आणि लाइट जाऊन आली की चाक आपणहून दोन्ही टोकांपर्यंत गरकन फिरते. तेवढा वेळ पोरांना हात लावू देऊ नका.