नदीच्या कारभारात कोरडवाहू शेतकऱ्याची जागा कोणती?



मलकापूर म्हटले की आपल्या कापूसवाल्यांना बुलढाणा जिल्ह्यातले, नळगंगेच्या काठचे मलकापूर आठवते. मी सांगतो आहे ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यातले मलकापूर. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या अलीकडे हे गाव लागते. इथे पाऊस धो धो पडतो. इथली कडवी नदी वारणेला मिळते आणि वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. तुम्ही म्हणाल, भाताच्या मुलखातल्या नदीचे आम्हा ज्वारी-कापूसवाल्यांना काय? संबंध आहे, आणि तो सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

नदीसंवर्धनाचे काम करणाऱ्या एका लहान संस्थेची बैठक मलकापुरात होती. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. नवे पदाधिकारी निवडायचे होते. एक निवृत्त अधिकारी, एक डॉक्टर आणि एक व्यापारी अशी तीन नावे पुढे आली. तिघेही भले लोक. हार-तुरे झाले, नदी आपली माता आहे अशी भाषणे झाली. मागे वरच्या वाडीतला एक म्हातारा शेतकरी बसला होता. तो उठून म्हणाला, "सायेब, तुमची न्हदी पुलापासनं सुरू होतीया. आमची बांधापासनं होतीया. आमच्यातलं कोण घेतलंय का कमिटीत?" लोक हसले. उत्तर कोणी दिले नाही. चहा आला आणि बैठक संपली.

त्या म्हाताऱ्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शेतकीची पदवी घेऊन मी जे शिकलो त्याच्या आधाराने हिशेब मांडतो. एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी सुमारे एक लाख लिटर होते. हजार एकरांच्या शिवारावर दहा कोटी लिटर. हे पाणी शेतात मुरायचे, सावकाश ओढ्याला यायचे की मातीसकट एका तासात वाहून जायचे, हे पुलावर ठरत नाही. ते ठरते उताराला आडवी पेरणी केली की नाही, बांध शाबूत आहे की फुटला, माळावर गवत आहे की नाही यावर. म्हणजे नदीचा पहिला कारभारी वरच्या अंगाचा कोरडवाहू शेतकरी आहे. त्याने केलेल्या कामाची मजुरी कोणी देत नाही, आणि नदीच्या संस्थेत त्याला मताचा अधिकारही नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आड आपल्या रानात आणि पोहरा मात्र दुसऱ्याच्या हातात, अशी ही व्यवस्था आहे.

आता पाणी आल्यावर काय होते ते पाहा. ओढा खोल केला, बंधारा बांधला. काठावरच्या विहिरीला पाणी चढले. ज्याची विहीर काठाला आणि ज्याची मोटर मोठी, त्याने ऊस लावला. ज्वारीला हंगामात साधारण 450 ते 650 मिलिमीटर पाणी लागते, उसाला 1500 ते 2500. म्हणजे तिप्पट-चौपट. वर्गणी गावाची, श्रमदान सगळ्यांचे, पाणी मात्र चार मोटरींचे. उसवाल्यावर माझा राग नाही. ज्वारीला आणि कापसाला भाव मिळाला असता तर कशाला कोणी उसाच्या मागे लागले असते? पण सार्वजनिक कामातून आलेले पाणी कोणी किती घ्यायचे, हे संस्थेने ठरवलेच पाहिजे. पदाधिकारी सगळे खालच्या अंगाचे असतील तर हा विषय बैठकीच्या कागदावर कधीच येत नाही. घाटाची सफाई, झाडे लावणे आणि नदीची आरती एवढ्यावरच काम थांबते.

नवे नेतृत्व आले आणि संस्था खरोखर बदलली, याचे एक उदाहरण राजस्थानात आहे. तरुण भारत संघ ही जयपूरला निघालेली संस्था. राजेंद्र सिंह तिचे सरचिटणीस झाले. आपल्या कामाने काय फरक पडतो, असा प्रश्न त्यांनी विचारायला सुरुवात केली. 1984 साली कार्यकारिणीतल्या सगळ्यांनी राजीनामे दिले आणि संस्था त्यांच्या हवाली केली. 1985 साली ते काही साथीदारांना घेऊन अलवर जिल्ह्यातल्या गावांत गेले. स्वतः आयुर्वेदाची पदवी घेतलेले. दवाखाना आणि शाळा चालवायचा विचार होता. मांगूलाल मीणा नावाच्या वृद्ध शेतकऱ्याने सांगितले, औषध आणि शाळा नंतर, आधी पाण्याचे बघा. तिथे पावसाचे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला जोहड म्हणतात. त्यांनी कुदळ घेतली आणि गोपालपुऱ्याचा जोहड खोदायला लागले. पुढे गावोगाव जोहड झाले आणि पाऊस संपला की कोरडी पडणारी अरवरी नदी वाहू लागली.

नदीत पाणी आले, मासे आले, आणि 1996 साली सरकारने मासेमारीचा ठेका देऊन टाकला. पाणी आणले गावांनी आणि मालक झाले सरकार! गावे उठली आणि ठेका रद्द करावा लागला. त्यातूनच 26 जानेवारी 1999 ला अरवरी नदीकाठच्या सत्तरएक गावांची संसद उभी राहिली. नदीतून पाणी कोणी किती उपसायचे, जास्त पाणी पिणारी पिके घ्यायची की नाही, याचे नियम गावांच्या प्रतिनिधींनी बसून केले. राजेंद्र सिंहांना 2001 साली मॅगसेसे आणि 2015 साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून मोठी वाटते ती ही संसद. पुढाऱ्याने पहिल्या दिवशी शेतकऱ्याचे ऐकले म्हणून पुढे शेतकऱ्यांची संसद झाली.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडी ही येरळेकाठची गावे. येरळा नावाची नदी, एरवी वाळूच. त्या वाळूचे लिलाव व्हायचे, ठेकेदार वाळू नेत आणि विहिरी खाली जात. 1980 नंतरच्या दुष्काळात मुक्ती संघर्ष चळवळीने प्रश्न उभा केला की वाळू कोणाची? सरकारशी झगडून परवानगी मिळवली, थोडी वाळू गावांनीच विकली आणि त्या पैशातून व श्रमदानातून बळीराजा स्मृती धरण उभे केले. भारत पाटणकर डॉक्टर होते. के. आर. दाते इंजिनिअर होते. पण शिकलेली माणसे चळवळीच्या सोबत बसली, चळवळीच्या डोक्यावर नाही. आणि पाण्याचा वाटा प्रत्येक कुटुंबाला सारखा, भूमिहीनालासुद्धा, हे धरणाच्या आधी ठरले.

पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली. तेही इंजिनिअर आणि कारखानदार. नियम काय केला? पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, माणसांच्या हिशेबाने. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस नाही. भूमिहीनाला पाण्याचा हक्क. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जाणार नाही. साळुंखे 2002 साली गेले. तरीही त्यांच्या नियमांवर आज आपण बोलू शकतो, कारण ते एका माणसाच्या मर्जीवर ठेवलेले नव्हते, स्पष्ट शब्दांत मांडलेले होते.

काही कार्यकर्ते मला विचारतात, मग शिकलेल्यांनी, शहरातल्यांनी नदीच्या कामात येऊच नये की काय? जरूर यावे. सरकारी कागद वाचायला, नकाशा काढायला, कोर्टात उभे राहायला ती माणसे लागतात. वर सांगितलेल्या तिन्ही कामांत ती होतीच. मी स्वतः पदवीवालाच आहे, त्यामुळे हा दोष मी स्वतःलाही लावून पाहतो. अनेक वर्षे मी गावात जाऊन शेतकऱ्याला सांगत होतो, त्याला विचारत नव्हतो. पदवी असणे हा गुन्हा नाही. शेतकऱ्याला श्रमदानाला बोलवायचे आणि ठरावाच्या वेळी मागे बसवायचे, हे चुकीचे आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा असतो. ते म्हणतात, आपला एक माणूस कमिटीत गेला तर तोही त्यांच्यातला होईल. हे खरे आहे. एकटा गेला तर होईलच. ग्रामपंचायतीपासून सोसायटीपर्यंत आपण हे पाहिले आहे. म्हणून एक माणूस घुसवायचा नाही, नियम बदलायचा.

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीपुढे मी चार मागण्या ठेवतो. आपल्या भागात नदीचे किंवा ओढ्याचे काम करणारी जी संस्था असेल तिच्यापुढे त्या मांडायच्या.

एक. कार्यकारी मंडळात निम्म्या जागा पाणलोटाच्या वरच्या अंगाच्या कोरडवाहू शेतकऱ्यांना, आणि त्यातल्या निम्म्या बायकांना. पाणी डोक्यावरून कोण आणते हे सांगायला नको. हे संस्थेच्या घटनेत लिहिलेले पाहिजे, अध्यक्षांच्या तोंडी आश्वासनात नाही.

दोन. दर तीन वर्षांनी पदाधिकारी सभासदांच्या मताने निवडायचे. सभासदाची वर्गणी इतकी ठेवायची की ज्वारीवाल्याला परवडेल.

तीन. वर्षाचा हिशेब शहरातल्या हॉलमध्ये नाही, वरच्या गावाच्या चावडीवर वाचायचा.

चार. काम सुरू होण्याआधी पाणीवाटपाचा नियम लिहायचा. बंधारा झाल्यावर नियम करायला बसलात तर मोटरवाला उठून जातो.

यासाठी कायदा काय म्हणतो तेही माहीत हवे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेचे विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदलाची नोंद द्यावी लागते. त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. कोण आले, कोण गेले हे तिथल्या कागदावर असते. आपल्या नदीच्या नावाने कोण कारभार करतो, हे विचारायचे असेल तर तिथून सुरुवात करा. फोटो पाहून नाही, नोंद पाहून.

मलकापूरच्या बैठकीनंतर मी त्या म्हाताऱ्याला गाठले. म्हटले, बाबा, पुढच्या निवडीला तुमचे नाव सुचवतो. तो म्हणाला, "माझं नगं. माझ्या सुनंचं घाला. बांधावर ती असतीया." आता त्या वाडीतल्या पंधरा जणांचे सभासद अर्ज भरून संस्थेकडे दिले आहेत. मंजूर होतात की नाही ते कळेल. नामंजूर झाले तर कारण लेखी मागायचे ठरले आहे.

तुमच्या गावातून किती अर्ज जाणार, तेवढे पुढच्या बैठकीत येऊन सांगा.