दोन लेकरांचा मृत्यू आणि पूर्वकर्माचा नवा अवतार

सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातून एक चित्रफीत बाहेर आली आणि सारा महाराष्ट्र हादरला. पत्तीगावच्या रानवाटेने एक बाप आणि एक आई चालले होते. दोघांच्याही खांद्यावर एकेक लेकरू होते आणि दोन्ही लेकरे मेलेली होती. तापाने फणफणलेल्या या सख्ख्या भावांना आधी पुजाऱ्याकडे नेण्यात आले होते. त्याने जडीबुटी दिली. काही तासांत दोघेही गेले. जिमलगट्ट्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी त्यांना मृत घोषित केले आणि तिथून चिखल-नाले तुडवत सुमारे १५ किलोमीटरची वाट आईबापांनी पोटची पोरे खांद्यावर घेऊन कापली.

लेकरांना माती मिळते न मिळते तोच वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणाला, आयुष्याची दोरीच तेवढी होती, देवाच्या इच्छेपुढे कोणाचे चालते? दुसरा पक्ष म्हणाला, पाहा देवभोळेपणाचे फळ! दवाखाना सोडून पुजाऱ्याकडे गेले, अडाणीपणाने पोरे गमावली. रुग्णवाहिका होती की नव्हती, ती आईबापांनीच नाकारली की काय, यावरही शब्दांची चकमक झडली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या चहाटपरीपासून मुंबईच्या वातानुकूलित दालनांपर्यंत आस्तिक आणि नास्तिक एकमेकांवर तुटून पडले. आठ-पंधरा दिवसांत दोघेही थकले आणि विषय संपला.

आम्ही स्वतः विज्ञाननिष्ठ विचाराचे वारसदार आहोत. ईश्वर नावाची सत्ता आम्ही मानत नाही. म्हणूनच या वादात आम्ही डोळे झाकून दुसऱ्या पक्षाच्या रांगेत उभे राहू, असे कोणास वाटेल. परंतु आम्हाला या दोन्ही पक्षांना एकच सवाल विचारायचा आहे. तुमच्या या भांडणातून सुटले कोण?

आधी देवाच्या इच्छेचा विचार करू. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला, हजारो माणसे मेली. तेव्हा गांधीजींनी सांगितले की, अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली ही शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोर हे काही नास्तिक नव्हते आणि अस्पृश्यतेचे समर्थक तर मुळीच नव्हते. तरीही त्यांनी याचा जाहीर प्रतिवाद केला. निसर्गातील उत्पाताची कारणे निसर्गातच शोधली पाहिजेत, असे त्यांनी बजावले. शिवाय ज्या तर्काने गांधीजी भूकंपाचे खापर अस्पृश्यतेवर फोडत होते, त्याच तर्काने सनातनी मंडळी ते गांधीजींच्या चळवळीवर फोडू शकत होती. आम्ही त्यात आणखी एक प्रश्न घालतो. ज्यांनी पिढ्यानपिढ्या अस्पृश्यता सोसली, त्यांच्या झोपड्याही त्याच धरणीकंपात गेल्या असतील. मग पाप कोणाचे आणि शिक्षा कोणाला? उद्देश चांगला असला तरी दैवी कोपाचा सिद्धांत न्याय करू शकत नाही, कारण तो मेलेल्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे दुखणे मुळापासून ओळखले होते. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची चिरफाड केली आहे. गरीब हा मागच्या जन्मीच्या पापाने गरीब आहे, असे एकदा ठरवले की फायदा कोणाचा होतो? राज्याचा आणि समाजाचा. दीनदुबळ्यांच्या हालाखीची जबाबदारी झटकण्याची त्यांना सोय होते. तथागत बुद्धासारखा करुणामय पुरुष असला अमानुष सिद्धांत सांगणे शक्यच नाही, असा बाबासाहेबांचा निष्कर्ष होता.

ही कसोटी हातात घेतली म्हणजे दुसऱ्या पक्षाचेही सोंग उघडे पडते. 'अडाणीपणाने मेले' हे वाक्य वरवर विज्ञाननिष्ठ वाटते. पण त्याचे काम काय? जे काम पूर्वकर्माचा सिद्धांत करीत होता, तेच! काल 'तुझ्या मागच्या जन्माच्या पापाने तुझे लेकरू गेले' असे सांगितले जात होते, आज 'तुझ्या या जन्माच्या अज्ञानाने गेले' असे सांगितले जाते. दोन्ही वाक्यांत दोषी आईबाप. दोन्ही वाक्यांत सरकार निर्दोष, रस्ता निर्दोष, दवाखाना निर्दोष. हा पूर्वकर्माचा नवा अवतार आहे आणि तो पुरोगामी वेशात आला म्हणून आम्ही त्याला नमस्कार करणार नाही.

माणूस पुजाऱ्याकडे का जातो, हा प्रश्न नास्तिक म्हणवणाऱ्यांनी एकदा तरी दक्षिण गडचिरोलीत जाऊन विचारावा. पुजारी गावात असतो. तो रात्री असतो, पावसात असतो, पोळ्याला असतो. तो माडिया-गोंडी बोलतो, चिठ्ठी मागत नाही, 'उद्या या' म्हणत नाही. उलट भर पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूर पुलावर चढला की भामरागडसारख्या तालुक्याच्या ठिकाणाचा संपर्क तुटतो, मग आडरानातल्या टोल्यांची काय कथा? अशा ठिकाणी तापलेले लेकरू पुजाऱ्याकडे नेणे हा देव आणि विज्ञान यांच्यातला निवाडा नसतो. जे जवळ आहे ते धरण्याची ती केविलवाणी धडपड असते. सूरजागडच्या पहाडातले लोहखनिज ट्रकांत भरून जिल्ह्याबाहेर जाते. जड ट्रकांना वाट सापडते, तापाने फणफणलेल्या लेकराला मात्र सापडत नाही. याला दैव म्हणावे की धोरण?

आणखी एक ढोंग येथे सांगितलेच पाहिजे. शहरातल्या रुग्णालयाच्या उद्घाटनाला मुहूर्त पाहून नारळ फोडणारा मंत्री अंधश्रद्ध ठरत नाही. शस्त्रक्रियेआधी गंडा बांधून घेणारा धनिक भाविक ठरतो. आदिवासी बाप पुजाऱ्याच्या दारात गेला की तोच अडाणी! नास्तिकतेची तलवार फक्त दुबळ्याच्या मानेवर चालत असेल, तर ती तलवार कोणाच्या हातात आहे हे ओळखायला आम्हाला वेळ लागत नाही.

मात्र याचा अर्थ आम्ही पुजारी-मांत्रिकांना निर्दोष ठरवतो, असा कोणी करू नये. जंगल, पहाड, पेन यांची आदिवासी बांधवांची पूजा हा त्यांच्या संस्कृतीचा भाग आहे, तिची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण पूजा वेगळी आणि तापावरचा इलाज वेगळा. इलाज चुकतो, माणूस मरतो, तेव्हा मृत्यूचे कारण सांगण्याची पाळी येते. 'मला जमले नाही' असे मांत्रिक सहसा म्हणत नाही. 'कोणीतरी केले' असे म्हणतो. इथून पुढची वाट रक्ताची आहे.

मे २०२४ च्या सुरुवातीला एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे एका लहान लेकराच्या मृत्यूचे खापर जादूटोण्यावर फोडण्यात आले. एका बाईला आणि एका म्हाताऱ्याला मारहाण करून जाळून टाकण्यात आले. पोलिसांनी १५ जणांना अटक केली, त्यांत त्या बाईचा नवरा आणि मुलगाही होता. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील सात जणांना भर चौकात बांधून झोडपण्यात आले. त्यांत वृद्ध होते, बाया होत्या. 'कोणीतरी केले' यातला तो 'कोणीतरी' कोण असतो, हे वाचकांनी नीट पाहावे. तो गावचा सावकार नसतो, पाटील नसतो. ती एकटी बाई असते, थकलेला म्हातारा असतो, गावकुसाबाहेरचे दलित कुटुंब असते. मृत्यूचे खरे कारण लपले की जातीव्यवस्था आणि पुरुषसत्ता आपले कारण शोधून देतात. अंधश्रद्धेशी आमचे भांडण आहे ते यासाठी. देव आहे की नाही, हा वाद शंभर वर्षे चालू द्या. पण दोष कोणाचा हे अंगात आलेल्याने ठरवायचे नाही.

या संदर्भात महाराष्ट्रात कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. अमुक व्यक्ती करणी करते, असे सांगून तिचा छळ करणेही गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. या कायद्याला धर्मबुडवा कायदा म्हणून विरोध करणाऱ्या धर्ममार्तंडांनी बारसेवाड्याच्या नाल्याकडे एकदा पाहावे. पण उपचारांपासून रोखणे गुन्हा असेल, तर उपचारच न पुरवणे हे काय आहे? मांत्रिकासाठी कलम आहे, रिकाम्या आरोग्य केंद्रासाठी कोणते कलम लावायचे?

उत्तर नाही असे नाही. ते याच जिल्ह्यात सापडले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची निगा आणि जंतुसंसर्गावरचा उपचार शिकवला. त्यांचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले होते. या आरोग्यदूत बायांनी घरात शिरताना 'आधी तुमचा देव टाका' अशी अट घातली नव्हती. शोधग्रामच्या दवाखान्याला तर आदिवासींच्या म्हणण्यावरूनच माँ दंतेश्वरीचे नाव दिले आहे. देवीचे नाव फलकावर राहिले आणि औषध विज्ञानाचे मिळाले. आम्ही मूर्तिपूजक नाही. तरीही आम्हाला हे सांगताना संकोच वाटत नाही की, हजार व्याख्यानांनी जेवढी अंधश्रद्धा हटत नाही, तेवढी वेळेवर पोचलेल्या औषधाने हटते. दवाखाना जवळ आला की मांत्रिक आपोआप दूर जातो.

आता थोडे आपल्या घरात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चांद्यात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. जगाला हेवा वाटावा असा हा वारसा चंद्रपूरच्या मातीला लाभला आहे. त्याच जिल्ह्यात आमचे काही बांधव दीक्षाभूमीवर २२ प्रतिज्ञा म्हणतात आणि घरी आल्यावर लेकराच्या दंडात ताईत बांधतात. दुसरे काही बांधव प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत म्हणून शेजारच्या गोंड, माना, कोष्टी बांधवांना 'देवभोळे' म्हणून हिणवतात. दोघेही बाबासाहेबांपासून तेवढेच दूर आहेत. आपल्याला बौद्ध धम्म का आवडतो हे सांगताना बाबासाहेबांनी १९५६ मध्ये तीन तत्त्वे मांडली होती. अंधश्रद्धेच्या विरोधातली प्रज्ञा, करुणा आणि समता. तिन्हींतून फक्त प्रज्ञा उचलली की तिचा अहंकार होतो. करुणेवाचूनची प्रज्ञा शोकाकुल आईला टोमणा मारते आणि त्यालाच प्रबोधन समजते.

किसा गोतमीची कथा आपण लेकरांना सांगतो. मेलेले बाळ छातीशी धरून ती औषध मागत फिरत होती. लोकांनी तिला वेडी ठरवले. तथागतांनी तिला वेडी म्हटले नाही आणि बाळ जिवंत करतो असा चमत्काराचा खोटा शब्दही दिला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, एवढेच सांगितले. घरोघर फिरून सत्य तिलाच उमगले. आस्तिकाने तिला खोटा दिलासा दिला असता, आजच्या नास्तिकाने तिला अडाणी म्हटले असते. बुद्धाने तिला सत्य दिले आणि तिची मान खाली जाऊ दिली नाही. शोकाच्या घरात शिरण्याची आंबेडकरी रीत ही आहे.

बुद्धाच्या काळात आरोग्य केंद्र नव्हते. आज ते आहे, निदान कागदावर आहे. म्हणून आजच्या किसा गोतमीला केवळ मृत्यू अटळ आहे असे सांगून आपली सुटका नाही. तापाने होणारा लेकरांचा मृत्यू बहुतेक वेळा टाळता येतो. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक दुर्गम टोल्यात औषधाची पेटी आणि हिवतापाच्या तपासणीचे साहित्य पोचले आहे काय? आशाताईंना त्यांचे मानधन वेळेवर मिळते काय? आरोग्य केंद्रात गोंडी समजणारा एक तरी माणूस आहे काय? मृतदेह घरी न्यायला वाहन आहे काय? पुढच्या ग्रामसभेत हे चार प्रश्न लेखी विचारा, उत्तर लेखीच मागा. देव मानणाऱ्यानेही विचारावेत, न मानणाऱ्यानेही विचारावेत. या प्रश्नांना श्रद्धेची आडकाठी नाही.

पत्तीगावच्या वाटेवर त्या आईबापांच्या खांद्यावर जे ओझे होते, ते त्यांच्या पापाचे नव्हते आणि केवळ त्यांच्या अज्ञानाचेही नव्हते. ते तुमच्या-आमच्या व्यवस्थेचे ओझे होते. देव आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत ते ओझे दुसऱ्या कोणा आईच्या खांद्यावर चढू द्यायचे काय, हे आता आस्तिकांनी आणि नास्तिकांनी मिळून ठरवावे.