कृष्णगिरीचा जमाखर्च



पावसाळा आला की आपल्या चाळींतून आणि वस्त्यांतून कान्हेरीला जाण्याचे बेत ठरू लागतात. विहारातला बालसंस्कार वर्ग जातो, महिला मंडळ जाते, नवी लग्न झालेली जोडपी जातात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण परत आल्यावर "काय पाहिले?" असे विचारले, तर बहुतेक जण सांगतात, "मोठ्या मूर्ती पाहिल्या, धबधबा पाहिला, माकडांनी डबा पळवला." एवढ्यावर विषय संपतो. तो डोंगर कोणाचा, तो कोणी राखला आणि आज तो राखण्याची किंमत कोण मोजतो आहे, हे मात्र घरात बोलले जात नाही. आज त्याविषयी लिहायचे आहे.

बोरिवलीच्या ज्या जंगलाला आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात, त्याचे पूर्वीचे नाव कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान असे होते. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर. लेण्यांतल्या प्राकृत लेखांत याच डोंगराला 'कण्हसेल' म्हटले आहे, आणि त्यावरूनच कान्हेरी हे नाव आले. खडक काळा, कारण तो ज्वालामुखीच्या उद्रेकातून तयार झालेला आहे आणि त्याचे वय सहा कोटी वर्षांहून अधिक आहे. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. एका बाजूला बोरिवली, कांदिवली, मालाड, दुसऱ्या बाजूला मुलुंड, भांडुप, ठाणे आणि मध्ये हे जंगल. त्यातला सर्वात उंच माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ४६८ मीटर उंच आहे. एवढ्या गर्दीच्या शहराच्या पोटात बिबट्या राहतो, हे ऐकून बाहेरगावच्या पाहुण्यांना नवल वाटते.

या डोंगरावर शंभराहून अधिक लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदकाम सुरू झाले आणि जवळजवळ हजार वर्षे इथे भिक्खुसंघ नांदला. अजिंठा, कार्ले आपल्याला सुंदर म्हणून माहीत आहेत. कान्हेरीचे वैशिष्ट्य असे की ती जणू एक वसाहत होती. चैत्यगृह आहे, सभागृह आहे, राहण्याच्या खोल्या आहेत, निर्वाण पावलेल्या थेरांचे विटांचे स्तूप आहेत. आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचे पाण्याचे टाके आहे.

या टाक्यांपाशी थोडे थांबले पाहिजे. मुंबईत चार महिने धो-धो पाऊस पडतो आणि आठ महिने आभाळ कोरडे असते. डोंगरमाथ्यावर विहीर नाही, बारमाही नदी नाही. अशा ठिकाणी शेकडो माणसांनी राहायचे कसे? म्हणून त्या काळच्या कारागिरांनी खडकाच्या उतारावर बारीक पन्हळी खोदल्या. पावसाचे पाणी त्यांतून वाहत टाक्यात येई आणि खडकाच्या पोटात थंड राही. मधल्या घळीत एक बांधही घातलेला होता, त्याचे अवशेष आजही दिसतात. ज्या पाण्यासाठी आपल्या आयाबहिणी पहाटे चार वाजता नळावर रांग लावतात, त्या पाण्याचा हिशेब इथे दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्याने मांडलेला आहे.

मी वीसेक वर्षे कारकुनी करतो आहे. त्यामुळे कान्हेरीचे शिलालेख मला पावतीपुस्तकासारखे वाटतात. देणाऱ्याचे नाव काय, गाव कोणते, धंदा कोणता, काय दिले, कोणासाठी दिले, सगळे क्रमाने नोंदलेले आहे. त्या भाषेत टाक्याला 'पोढी' म्हणतात, लेण्याला 'लेण' आणि धम्मदानाला 'देयधम'. पावती कोणाच्या नावाची आहे ते पाहा. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिली. कल्याणच्याच एका लोहाराने डोंगरावरची वाट करून दिली. सोपाऱ्याच्या, चौलच्या व्यापाऱ्यांनी दाने दिली. भिक्खुणींनी आणि गृहिणींनीही दिली, आणि त्यांची नावे नवऱ्याच्या किंवा बापाच्या नावाआड दडवलेली नाहीत. मोठे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातले, पण ते खोदवून घेणारे होते दोन व्यापारी भाऊ. म्हणजे हा डोंगर राजाच्या खजिन्यातून घडलेला नाही. घाम गाळून, धंदा करून जगणाऱ्या माणसांनी पै-पै घालून तो घडवला. काही लेखांत तर दान कशासाठी, तर सर्व प्राणिमात्रांच्या हितसुखासाठी, असे स्पष्ट कोरलेले आहे.

आणखी एक नोंद फार महत्त्वाची आहे. त्या काळी 'अखयनिवि' नावाची पद्धत होती. मूळ रक्कम किंवा जमीन कायम ठेवायची आणि फक्त तिच्या उत्पन्नातून खर्च करायचा. आज आपण बँकेत मुदत ठेव ठेवतो, तसेच. एका लेखात मंगलठाण गावचे शेत असे लावून दिलेले आहे. मंगलठाण म्हणजे आपले मागाठाणे. जिथल्या डेपोत आपण रोज बस पकडतो, तिथल्या शेताच्या उत्पन्नातून भिक्खूंच्या चिवराची सोय होत असे. पुढे नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, जे दान नोंदले गेले त्यात दुरुस्तीसाठी, चिवरांसाठी आणि ग्रंथांसाठी वेगवेगळी रक्कम बाजूला काढलेली आहे. पुस्तकांसाठी वेगळी तरतूद! 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश मानणाऱ्या आपल्या प्रत्येक विहाराने आपल्या वार्षिक जमाखर्चात हे खाते आहे का, ते तपासून पाहावे.

आता जंगलाकडे वळू. वर्षावास आपल्याला माहीत आहे. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहायचे. हा नियम का झाला? पावसाळ्यात कोवळे गवत उगवते, लहान जीव बाहेर पडतात. चालताना ते पायाखाली चिरडले जाऊ नयेत, हे त्यामागचे एक कारण विनयात सांगितले आहे. ज्या धम्मात गवताच्या पात्याचा विचार झाला, त्या धम्माच्या माणसांना जंगल राखा असे बाहेरच्याने येऊन सांगण्याची गरज पडू नये.

या जंगलात कारवी नावाचे झुडूप आहे. ते आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ साली फुलले, नंतर २०२४ साली फुलले, आणि डोंगर जांभळा झाला. याच कारवीच्या काठ्यांच्या कुडाला माती लिंपून इथले वारली आदिवासी घरे बांधत आले आहेत. त्यांचे पाडे उद्यानाच्या आधीपासूनचे आहेत, हे विसरता कामा नये.

इंग्रजांनाही या डोंगराचे मोल पाण्यामुळेच कळले. वाढत्या मुंबईला पाणी पुरेना, तेव्हा १८६० साली विहार तलाव आणि १८७९ साली तुळशी तलाव बांधून झाला. आज मुंबईचे बहुतेक पाणी लांबच्या धरणांतून येते, पण हे दोन तलाव अजून शहराला पाणी देतात. दहिसर नदी याच डोंगरात उगम पावते. विहार आणि पवई तलाव भरून वाहिले की ते पाणी मिठी नदीत जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीने कुर्ल्यापासून कलिन्यापर्यंत गरिबांची घरे बुडवली. वर झाडे राहिली तर पाणी मुरते आणि सावकाश उतरते. झाडे गेली, नदीचे पात्र भराव घालून अरुंद केले, की तेच पाणी खालच्या झोपडीत शिरते. डोंगराचे आरोग्य आणि आपल्या घराचा उंबरठा यांचा संबंध असा आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग जंगल राखायचे तर झोपड्या हटवाव्याच लागतील. हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण त्या झोपड्यांत आपलीच माणसे होती. गावाकडे जमीन नाही, शहरात भाड्याची ऐपत नाही, म्हणून कामगार डोंगराच्या कडेला येऊन राहिले. १९९५ साली एका पर्यावरण संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि १९९७ साली उद्यानातील अतिक्रमणे काढण्याचा आदेश झाला. हजारो घरे पाडली गेली. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा असलेल्यांनी सात हजार रुपये भरायचे आणि त्यांना दुसरीकडे घर मिळायचे, असे ठरले. पुष्कळांना चांदिवलीला घरे मिळाली. ती सुखासुखी मिळाली नाहीत, संघटना बांधून लढावे लागले. वसाहतीचे नावच संघर्षनगर आहे. पण पैसे भरूनही कित्येक कुटुंबे मागे राहिली. ती डोंगराच्या उतारावरच दिवस काढत राहिली.

त्याचा शेवट काय झाला? २ जुलै २०१९ च्या मध्यरात्री मालाड पूर्वेला, पिंपरीपाडा आणि आंबेडकरनगर भागात, महापालिकेच्या जलाशयाच्या आवाराची संरक्षक भिंत पावसाच्या पाण्याच्या दाबाने कोसळली. झोपेत असलेली तीसच्या आसपास माणसे गेली. त्यांत लहान मुले होती. पुनर्वसनाची वाट पाहत बसलेल्या वस्तीवर हे संकट आले.

जरा विचार करा. त्याच डोंगररांगेत दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने प्रत्येक उताराला पन्हळ दिली, पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल याचा विचार केला, कारण खाली माणूस झोपणार हे त्याला माहीत होते. आपल्या काळात भिंत बांधली गेली, पण तिच्यामागे साचणारे पाणी आणि तिच्याखाली झोपणारी माणसे यांचा विचार झाला नाही. म्हणून आपली भूमिका स्पष्ट असली पाहिजे. जंगल राहिलेच पाहिजे, कारण ते गेले तर पहिला फटका आपल्यालाच बसतो. पण ज्याला हटवायचे त्याला आधी सुरक्षित घर दिले पाहिजे, आणि पाड्यावरच्या आदिवासीला त्याचा हक्क मिळाला पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न पाण्याचा होता आणि माणूसपणाचाही होता. इथेही दोन्ही आहेत.

आता घरातल्या कर्त्या माणसांसाठी आणि विशेषतः माताभगिनींसाठी चार गोष्टी सांगतो. कान्हेरीला जाताना प्लॅस्टिकच्या पिशव्या नेऊ नका, नेल्या तर रिकाम्या करून परत आणा. माकडांना खाऊ घालू नका. उद्यानाच्या कडेला राहत असाल तर कचरा उघड्यावर टाकू नका. कचऱ्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो आणि अंधारात बाहेर गेलेले लेकरू संकटात सापडते. लेण्यात मेणबत्ती-अगरबत्ती भिंतीला टेकवून लावू नका, धुराने कोरीवकाम काळवंडते. वंदना करायला ओंजळ पुरते. आणि खडकावर आपले नाव खरडू नका. त्या भिंतीवर नाव येण्यासाठी कल्याणच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले होते, हे मुलांना सांगा.

मुलांच्या हातात एक वही द्या. धम्मलिपीतली अक्षरे त्यांना उतरवून घेऊ द्या. पुस्तकात बघून एक 'बु', एक 'ध', एक 'स' ओळखता आला, तरी त्या पोरांचे डोळे चमकतात. ती लेणी तेव्हा त्यांची होतात. सोमवारी उद्यान बंद असते, एवढे लक्षात ठेवून बेत करा. आणि परत आल्यावर विहारात मुलांना उभे करून विचारा की कोणी काय दिले होते. लोहाराने वाट दिली, असे एखाद्या मुलाने सांगितले की पुढचा प्रश्न मोठ्यांना विचारा, आपण या वर्षी काय देणार?

जयभीम. भवतु सब्ब मंगलं.