आत्याच्या वह्या आणि जोतिरावांचं वाचन



मागच्या महिन्यात हे सदर आलं नाही. दोघातिघांनी ‘ऑफिसचं काम वाढलं का?’ असं विचारलं. ऑफिसचं काम नेहमीइतकंच होतं. मी एक पत्र लिहीत होतो. एकच पान, प्रकाशकाला, आत्याच्या पुस्तकासाठी. चौदा वेळा लिहिलं.

आत्या ७३ वर्षांची. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. लहानपण दांडिया बाजारातल्या वाड्यात गेलं. तो वाडा आता नाही, तिथे खाली दुकानं आणि वर फ्लॅट आहेत. निवृत्तीनंतर तिने वाड्याच्या आठवणी लिहायला घेतल्या आणि फुलस्केपच्या सहा वह्या भरल्या. मी आणि बायकोने आठ महिने शनिवार-रविवार बसून त्या युनिकोडमध्ये टाइप केल्या. आत्याचं अक्षर मोत्यासारखं आहे, पण समासात बाण काढून ‘हे मागच्या वहीतल्या हौदाच्या गोष्टीनंतर’ असं लिहायची सवय आहे. कोडमध्ये असे उड्या मारणारे बाण पाहिले की मी ज्युनियरला ओरडतो. इथे गप्प बसून टाइप केलं.

मग पुस्तक प्रकाशकांपुढे मांडायची जबाबदारी मी घेतली. क्लायंटला डेमो देण्यात दहा वर्षं गेली आहेत, त्यात काय मोठंसं, असं वाटलं. बावीस स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं. ‘बडोद्याच्या मराठी संस्कृतीचा अमूल्य ठेवा’ हे पहिल्याच स्लाइडवर. वाचकवर्ग कोणता, तर ‘सर्व वयोगट’. मराठी वाचकांची संख्या दाखवणारा रंगीत आलेखही होता. हे सगळं एका मेलला जोडलं आणि अकरा प्रकाशकांना एकदम पाठवलं, सगळ्यांचे पत्ते एकाच ओळीत. म्हणजे प्रत्येकाला उरलेले दहा जण दिसले. हे माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं.

नऊ जणांकडून काहीच आलं नाही. एकाने ‘सध्या नवीन पुस्तके घेत नाही’ एवढं कळवलं. अकराव्याने फोन केला. फार गोड बोलले. पुस्तक अप्रतिम आहे, लगेच काढू, पंचाहत्तर हजार रुपये भरा, तीनशे प्रती घरपोच. मी आनंदाने आत्याला सांगायला गेलो, तर तिने एकच विचारलं, “त्यांना कुठलं प्रकरण आवडलं?”

मी ते विचारलंच नव्हतं. परत फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, सगळीच प्रकरणं छान आहेत. आत्याने सहाही वह्या जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून ट्रंकेत ठेवल्या. “राहू दे रे,” म्हणाली. “आपल्यापुरतं लिहिलं होतं.”

पैसे घेऊन पुस्तक काढणं हा गुन्हा नाही, हे इथेच सांगतो. कुणाला घरच्या माणसांसाठी शंभर प्रती हव्या असतात, त्यांनी खुशाल काढाव्यात. पण प्रती किती, विकणार कोण, हक्क कुणाकडे राहणार, हे कागदावर आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि ज्याने पुस्तक वाचलेलंच नाही त्याच्या स्तुतीवर तर मुळीच देऊ नयेत.

ट्रंक बंद झाली आणि मला झोप लागेना. पुस्तक छापलं जाण्यापेक्षा ‘आपल्यापुरतं’ हा शब्द टोचत होता. त्याच दिवसांत, दुसऱ्याच कशासाठी तरी, महात्मा फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ उघडलं. आपल्यातल्या बऱ्याच जणांसारखं मीही ते नावानेच ओळखत होतो. त्याचा उपोद्घात मी तीनदा वाचला. १८८३ साली एका लेखकाने आपलं हस्तलिखित लोकांपुढे कसं मांडलं, याचा हिशेबच त्यात आहे. आणि त्या हिशेबात आपलं बडोदं आहे.

फुल्यांनी पुस्तक छापखान्यात देऊन लोकांची वाट पाहिली नाही. ते हस्तलिखित घेऊन फिरले. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी माणसं जमवून वाचून दाखवलं. ज्यांच्याविषयी लिहिलं होतं त्यांनाच ऐकवलं. शेतकऱ्याची दैना शेतकऱ्यापुढे वाचायची म्हणजे गंमत नाही. सारा, कर्ज, कोर्टकचेरी यातलं एक वाक्य चुकीचं असतं तर समोरचा माणूस उठून म्हणाला असता, तसं नाही हो.

आणि मग हाच ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना वाचून दाखवला. फुले तेव्हा ५६ वर्षांचे, महाराज अवघे वीस. १८८१ च्या डिसेंबरात त्यांच्या हाती पूर्ण कारभार आला होता. लक्ष्मी विलास पॅलेस पुरा व्हायला अजून सात वर्षं होती. राज्याच्या कामांतून सवड काढून महाराजांनी ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, पैशांची मदत केली आणि सत्कार केला, असं फुल्यांनी कृतज्ञतेने नोंदवलं आहे.

मला इथे थांबावंसं वाटतं, कारण फुल्यांनी ऐकणारा कोण निवडला ते बघा. हिंदुस्थानात राजे पुष्कळ होते. पण हा राजा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ होता. १८७५ मध्ये, बाराव्या वर्षी, दत्तक म्हणून बडोद्याला आला आणि खरं शिक्षण त्यानंतर सुरू झालं. नांगर, बैल, पाऊस न पडलेलं वर्ष हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्याच्यापुढे वाचणं म्हणजे पत्र योग्य पत्त्यावर टाकणं. माझ्या अकरा पत्त्यांच्या मेलची आठवण होऊन मला लाज वाटली.

आणखी एक गोष्ट. राजापुढे वाचायचं म्हणून फुल्यांनी असुडाचा चाबूक मऊ केला नाही. सरकारी अंमलदार, कारकून, भटभिक्षुक यांच्यावर जे लिहायचं ते लिहिलंच. ग्रंथाची एक प्रत त्यांनी बडोद्याला पाठवली आणि दुसरी थेट गव्हर्नर जनरलला, म्हणजे ज्यांच्यावर ठपका त्यांच्याच वरिष्ठाला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे जमलं की! नाही जमलं. पहिली काही प्रकरणं ‘दीनबंधू’ पत्रात आली आणि पुढची छपाई थांबली. ‘दीनबंधू’ म्हणजे आपल्याच चळवळीचं पत्र, संपादक नारायण मेघाजी लोखंडे, कामगारांचे पुढारी. त्यांनाही पुढचा मजकूर झेपला नाही. फुले संतापले आणि भेकड छापखानेवाल्यांबद्दलचा राग त्यांनी लिहूनही ठेवला. १८९० मध्ये ते गेले, तोवर सबंध पुस्तक छापून आलं नव्हतं. त्याआधी १८५५ मध्ये त्यांचं ‘तृतीय रत्न’ नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नापसंत केलं होतं. राजाने साद्यंत ऐकलेल्या पुस्तकाचं हे झालं, तर अकरा मेलचं काय घेऊन बसलात, असं मी स्वतःला म्हणालो आणि आत्याकडे गेलो.

“वाचून दाखवूया,” म्हटलं.

“कुणाला?”

“आपल्याच लोकांना. मंडळाच्या हॉलमध्ये.”

आधी नको म्हणाली, मग चष्म्याचा नंबर बदलून घेतला. तुमच्यापैकी काही जण त्या संध्याकाळी होता. मी मागच्या रांगेत वही घेऊन बसलो होतो आणि लोक कुठे हसतात, कुठे खुर्ची सरकवतात, कुठे मोबाइल काढतात ते टिपत होतो. ऑफिसमध्ये याला युजर टेस्टिंग म्हणतात आणि त्याचे पैसे पडतात. आजोबांच्या नोकरीचं प्रकरण सुरू झालं आणि सात मोबाइल बाहेर आले. ते माझं आवडतं प्रकरण होतं. वाड्याच्या वर्णनाला लोक सभ्यपणे ऐकत होते. आणि मग नववं प्रकरण आलं.

त्यात आत्याची आजी आहे. वाड्यात अकरा बिऱ्हाडं. बऱ्याच सासुरवाशिणी बाहेरगावांहून लग्न होऊन आलेल्या, त्यांना लिहिता येत नव्हतं. आजी मात्र बडोदे संस्थानातच वाढलेली. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळे तिच्या वडिलांची इच्छा असो वा नसो, ती शाळेत गेली होती. दुपारी भांडी झाली की बायका एकेक करून तिच्याकडे यायच्या आणि माहेरची पत्रं सांगायच्या. आजी लिहायची. लहानगी आत्या शेजारी बसून दौत धरायची. एक बाई डोळे पुसत ‘इकडे सर्व खुशाल आहे’ एवढंच सांगायची आणि आजी तेवढंच लिहायची.

हॉलमध्ये पंखे तेवढे ऐकू येत होते. वाचन संपल्यावर एक काकू आत्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “माझी सासू तशीच पत्रं सांगायची, आमच्या वाड्यात.” त्या रात्री आत्याने ट्रंक उघडली.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण काय करायचं ते कळत होतं. नववं प्रकरण पहिलं झालं. घरातल्या कपाटातून, लायब्ररीतून अशा तऱ्हेची आठवणींची पुस्तकं काढली आणि ती कुणी छापली आहेत ते पाहिलं. तीन नावं उरली. एकाच प्रकाशकाला लिहायचं, तीन महिने थांबायचं, मग दुसऱ्याला, असं ठरवलं. २०१८ मध्ये आपल्या विद्यापीठाच्या आवारात साहित्य संमेलन झालं, तेव्हा एक तरुण हस्तलिखिताचा गठ्ठा घेऊन स्टॉलवर उभा असलेला मला आठवतो. प्रकाशक बिलं फाडत होते, मागे गिऱ्हाइकांची रांग. बिचारा उभा राहून निघून गेला. भेट ठरवून जायचं असतं, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं, त्यालाही नसावं.

पत्राचा मसुदा मी केला आणि आत्याने लाल पेनाने तपासला. ‘अमूल्य’ गेलं, ‘हृदयस्पर्शी’ गेलं, ‘सर्व वयोगट’ गेलं. “गोष्ट हृदयाला लागली तर ते सांगतील, आपण कशाला सांगायचं?” चौदाव्या खेपेला जे उरलं त्याची सुरुवात अशी होती: १९६० च्या सुमारास दांडिया बाजारातल्या एका वाड्यात अकरा बिऱ्हाडांतल्या बायकांची पत्रं एकच बाई लिहून देत असे, ती माझी आजी. पुढे पुस्तक किती पानांचं, पूर्ण आहे का, त्यांच्या कुठल्या पुस्तकाशी नातं सांगतं, लिहिणारी कोण, एवढंच. सोबत दोन प्रकरणं, सगळं पुस्तक नाही. स्लाइड एकही नाही.

सात आठवड्यांनी फोन आला. बाई संपादक होत्या. त्यांनी दोन्ही प्रकरणं वाचली होती, कारण पहिला प्रश्नच होता, दौत कुणाची होती? मग त्यांनी सगळं पुस्तक मागवून घेतलं आणि पंधरा दिवसांनी कळवलं की अजून होकार समजू नका, पण आजोबांच्या नोकरीची चौदा पानं कमी करून, पत्रांच्या आणखी आठवणी असतील तर घालून, दिवाळीनंतर परत पाठवा.

आत्या दोन दिवस रागावली होती. आजोबा कमी करायचे म्हणजे काय! तिसऱ्या दिवशी तिने त्या काकूंना फोन करून त्यांच्या सासूबद्दल विचारलं.

काल गेलो तेव्हा ती जमिनीवर वह्या पसरून बसली होती. चौदाची आठ पानं झाली होती, समासात नवे बाण निघाले होते. “शनिवारी टायपिंगला ये,” म्हणाली, “आणि येताना लाल रिफिल आण, ही संपली.”