पिंपाची गोष्ट

वाचकहो, मराठीच्या मास्तराने मद्यावर लिहावे, तेही दिवाळी अंकात, हे पाहून आमच्या एरंडोलचे सज्जन भुवया उंचावतील. पण दोष माझा नाही, आमच्या मेहुण्यांचा आहे. गेल्या भाऊबिजेला ते गोव्याहून आले ते ओवाळणीच्या साडीबरोबर पोर्ट वाइनची बाटली घेऊन. सोबत परवान्याचा कागदही होता. मेहुणे सरकारी नोकर!

“दाजी, ही आईंसाठी. द्राक्षांची आहे, रक्त वाढतं.”

आईने चष्मा पुसून बाटली न्याहाळली. “हाई औषध शे ना? मग त्या गोया कशाले?”

मी चपापलो. रक्त कमी म्हणून डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या होत्या. डबी उघडून पाहतो तो पंधरा दिवसांच्या गोळ्या जशाच्या तशा! घरात राहून मला पत्ता नव्हता. रागवायचे कुणावर?

मग वर्गात करतो तेच केले. शब्दापासून सुरुवात केली.

“आई, आपण पाणी कशात भरतो?”

“पिंपात.”

“तो शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्या ‘पीपा’त दारू भरीत.”

आईने पदर तोंडाला लावला. मेहुणे मात्र सरसावून बसले.

पोर्तुगालच्या उत्तरेस डोरो नदीचे खोरे आहे. १७५६ साली सरकारने त्याची हद्द आखून दिली. खरी पोर्ट तिथल्याच द्राक्षांची. रस आंबू लागला, की त्यातली साखर हळूहळू मद्यार्कात बदलते. ती निम्मीशिम्मी उरली असताना रसात द्राक्षांचीच कडक दारू ओततात. आंबणे तिथेच थांबते, गोडी राहते आणि जोर वाढतो. मग ती ५५० लिटरच्या आसपासच्या लाकडी पिंपांत मुरते. मोठ्या पात्रांत राहिली तर माणकासारखी लाल, लहान पिंपांत वर्षानुवर्षे राहिली तर तपकिरी. तिची बहीण मदेरा बेटावरची. जहाजाच्या तळघरात उन्हाने तापून ती अधिकच चांगली लागते असे व्यापाऱ्यांना आढळले, तेव्हापासून तिला मुद्दाम ऊब देतात. ‘हिरवी’ म्हणवणारी तिसरी बहीण कोवळी, हलकी. नाव हिरवे, रंग बहुधा पांढरा.

“म्हणजे औषधच की,” मेहुणे म्हणाले.

एकेकाळी युरोपातले डॉक्टरही अशक्त रोग्याला पोर्ट देत. समज तिथूनच आला. पण साध्या वाइनमध्ये मद्यार्क शेकडा बारा-तेरा, तर अस्सल पोर्टमध्ये वीसच्या घरात. गोडीमुळे तो जिभेला कळत नाही, एवढेच. रक्ताला लागते ते लोह; ते या बाटलीतून मिळत नाही. शिवाय १९६१ साली पोर्तुगीज गोव्यातून गेले तरी नाव मागे राहिले. इथे बनलेल्या गोड वाइनलाही आपण सर्रास ‘पोर्ट’ म्हणतो. मेहुण्यांची बाटली तसलीच होती. लेबल उलटून वाचले तेव्हा तेही हसले.

“आईंनी गोळ्या सोडल्यात हे ठाऊक असतं तर आणलीच नसती,” ते हळूच म्हणाले. मला तरी कुठे ठाऊक होते?

बाटली कागदासकट त्यांच्या पिशवीत परत गेली. आता रोज जेवणानंतर आईच्या हातावर गोळी मी स्वतः ठेवतो. त्या दिवशी तिने पिंपातून तांब्याभर पाणी घेतले, गोळी गिळली आणि जाता जाता सुनावले,

“पिंप मात्र उद्या घासी टाक!”